कार्ड आज कुठे बसलंय

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. टेबलाखाली वायरी जमतात तसे ते जमतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात, आणि त्यातली कुठली कशाची हे ज्याने लावली त्यालाही सांगता येत नाही. आमच्या ऑफिसात या दोन्ही गोष्टींची टंचाई कधी पडली नाही.

ऑफिस म्हणजे नाशिकच्या इंदिरानगरात पिठाच्या गिरणीच्या वरचा एक हॉल. मालक भामरे साहेब. ते कॉम्प्युटरच्या आत बसवायची कार्डं बनवायचे. त्या कार्डाला कारखान्यातलं मशीन जोडलं की मशीन कॉम्प्युटरचं ऐकायला लागतं, असं आमच्या जाहिरातीत लिहिलेलं होतं. मी शटर उघडायचो, झाडायचो, चहा करायचो. सगळे मला मामा म्हणत. शाळेचं आणि माझं लहानपणीच फाटलं, तेव्हा इथे लिहितोय ते सगळं कानावरून आलेलं. कुठे चूक सापडली तर ती चिन्मयची समजावी, कारण मला समजावून सांगायचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

*

नव्वदच्या दशकात साहेब डॉसवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या जुन्या प्रणालीवर, कार्डं चालवायचे. तेव्हा कार्डाचा पत्ता ठाऊक असला की थेट तिथे आकडा लिहायचा. मधे कुणी विचारणारं नाही. साहेब त्या दिवसांबद्दल असे बोलायचे, जसे काही लोक जुन्या सिन्नर रस्त्याबद्दल बोलतात. ना सिग्नल, ना पोलीस, काय मोकळा रस्ता होता! अपघातांचा विषय मात्र काढायचा नसतो.

दोन हजार साल उलटलं आणि साहेबांनी डॉसच्या जागी लिनक्स आणली. ती फुकट मिळते हा तिचा पहिला गुण त्यांना फार भावला. बाकीचे गुण त्यांनी पुढे सवडीने शोधले. तिच्यासाठी दोन इंजिनियर ठेवले. एक स्वातीताई, देवळाली कॅम्पातून बसने यायच्या, बोलायच्या कमी. दुसरा चिन्मय. तो पुण्याचा. हे सांगून झाल्यावर तो थोडा थांबायचा, म्हणून ऐकणाऱ्यालाही थांबावं लागायचं.

लिनक्सच्या पोटात कर्नेल नावाचा कारभारी असतो. कार्डाशी बोलायचं तर त्याच्यामार्फत. आणि या कारभाऱ्याला कार्डाचा खरा पत्ता थेट चालत नाही. स्वातीताईंनी मला सोपं करून सांगितलं होतं. म्हणाल्या, मामा, आपल्या ऑफिसचा सर्व्हे नंबर कागदावर आहे, पण तो सांगून रिक्षावाला इथे येतो का? गिरणीच्या वर म्हटलं की येतो. तसं कर्नेलला आधी सांगायचं, की अमुक खऱ्या पत्त्याला तुझ्या ओळखीतलं एक नाव दे. त्याला मॅपिंग म्हणतात. मग त्या नावानेच हाक मारायची.

साहेबांना हे सरकारी वाटलं. "एवढी वर्षं थेट लिहितोय. मला कोण अडवतं बघू," म्हणाले, आणि खऱ्या पत्त्यावर थेट आकडा लिहिला.

पडद्यावर आकड्यांचा ढीग पडला, त्यात एक शब्द आला, ऊप्स, आणि पुढे कीबोर्डाचं एकही बटण चालेना. ऊप्स म्हणजे काय, मी विचारलं. चिन्मय म्हणाला, चूक झाली की इंग्रजीत असं म्हणतात.

साहेबांनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला. "निदान नम्र तरी आहे," म्हणाले.

*

आता एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं सगळं गंमत वाटेल.

दिंडोरीकडे एक मोठे बागायतदार होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. द्राक्षं बाहेरदेशी पाठवायचे. त्यांच्या पॅकहाऊसला एक मशीन हवं होतं. पट्ट्यावरून पेट्या जाणार, जाताजाता वजन होणार, आणि कमी वजनाची पेटी आली की एक फळी तिला बाजूला ढकलणार. फळीला हुकूम आमच्या कार्डाने द्यायचा. अण्णांनी सांगून टाकलं होतं, की दसऱ्याच्या मुहूर्तावर माझ्यासमोर चालवून दाखवा. चाललं तर तुमचं, नाय चाललं तर पुण्याची एक कंपनी लय मागं लागली हाय.

साहेबांनी आम्हाला बसवून सांगितलं. हे काम गेलं तर दिवाळीनंतर ते शटर ओढणार आणि पुण्यात कुणाच्या तरी हाताखाली नोकरी धरणार. आवाज चढवून सांगितलं असतं तर आम्ही मनावर घेतलं नसतं. त्यांनी हळू सांगितलं. माझ्या वयाच्या माणसाला दुसरीकडे चहा करायलासुद्धा कोण ठेवणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा.

"काळजी करू नका सर," चिन्मय म्हणाला, "ड्रायव्हर मी लिहितो." ड्रायव्हर म्हणजे कर्नेलला आमच्या कार्डाशी कसं बोलायचं ते शिकवणारा प्रोग्राम.

काळजी खरी तिथून सुरू झाली.

*

चिन्मयचा ड्रायव्हर सकाळी उत्तम चालायचा. जेवणाच्या सुमाराला कर्नेल म्हणायचं, जागा शिल्लक नाही. मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा उत्तम. मग चिन्मयने नियमच केला, जेवणाच्या सुट्टीत मशीन रीस्टार्ट करायचं. साहेबांना नियम आवडतात. त्यांनी भिंतीवर पाटी लावली, 'दैनंदिन देखभालीची वेळ'. भेटायला येणाऱ्या लोकांना ते ती पाटी कौतुकाने दाखवायचे. कॉम्प्युटरची इतकी निगा नाशकात दुसरं कुणी राखत नसेल.

कारण पुढे स्वातीताईंना सापडलं. ड्रायव्हर प्रत्येक चाचणीला सुरू व्हायचा, कर्नेलकडून मॅपिंगची जागा मागून घ्यायचा, आणि बंद होताना ती परत द्यायचा नाही. चिन्मय दिवसभर चाचण्या करायचा. दुपारपर्यंत कर्नेलकडची द्यायची जागाच संपायची.

मला यात काही नवल वाटलं नाही. चिन्मयच्या टेबलाकडे गेलेला चहाचा कपही कधी परत यायचा नाही. फायलींच्या मागे, मॉनिटरच्या वर, खिडकीत, एक तर चक्क प्रिंटरमध्ये सापडला होता. दुपारपर्यंत माझेही कप संपलेले असायचे.

फरक इतकाच, की कप संपले म्हणून मला ऑफिस रीस्टार्ट करता यायचं नाही.

*

साहेबांचा हात आखडता. साखर चहात पडते की नुसती जवळून जाते, यावर आमच्यात दोन मतं होती. तर मॅपिंग करताना ते चिन्मयच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, सगळं कार्ड कशाला मॅप करतोस, लागेल तेवढंच कर. उधळपट्टी नको. चिन्मयने सुरुवातीचा तुकडा मॅप केला.

वजन बरोबर यायला लागलं. साहेब खूश. पण कमी वजनाची पेटी आली, फळी हलायची वेळ झाली, की मशीन जागच्या जागी मरायचं. भरलेल्या पेट्या शंभर येऊ देत, काही नाही. एक हलकी पेटी आली की संपलं. फळीच्या हुकमाची जागा कार्डात पलीकडे होती, साहेबांनी काटकसर केली त्याच्या नेमकी पुढे.

"सर, मॅपिंगला भाडं नसतं," स्वातीताई म्हणाल्या.

साहेब थोडे नाराज झाले. भाडं नसलेल्या गोष्टीत आपण काटकसर केली, म्हणजे ती वायाच गेली.

*

मग फळी हलायला लागली, पण चुकीच्या पेटीला.

चाचणीसाठी आम्ही पेट्यांत विटांचे तुकडे भरले होते. हलकी पेटी ऐटीत पुढे निघून जायची आणि तिच्या मागून येणाऱ्या भरलेल्या, निरपराध पेटीला फळीचा दणका बसायचा. मला हे सरकारी कचेरीसारखं वाटलं, पण इंजिनियर लोकांनी त्यात दोष काढला.

दोष असा निघाला. कर्नेलने कार्डाला लिहिलेला हुकूम वाटेत रेंगाळू शकतो. लिहिणारा लिहून मोकळा, त्याला वाटतं पोचला. पण त्याच कार्डाला आपण उलट काही विचारलं, तर उत्तर आणण्याआधी वाटेतला हुकूम पोचवावाच लागतो. आमचा हुकूम वाटेत बसून राहायचा, आणि पुढच्या पेटीचं वजन विचारायची वेळ आली की मग पोचायचा. म्हणून शिक्षा पुढच्या पेटीला. उपाय सोपा होता. लिहायचं आणि लगेच तिथूनच परत वाचायचं.

साहेबांना हा उपाय इतका पटला की त्यांनी तो माणसांना लावला. ज्याला काही सांगितलं त्याने ते तिथेच परत म्हणून दाखवायचं. साहेब म्हणायचे, "मामा, चार चहा." मी म्हणायचो, "चार चहा." साहेब म्हणायचे, "चिन्मय, कप परत दे." चिन्मय म्हणायचा, "कप परत दे." कप तिथेच. पण नियम पाळला गेल्याचं साहेबांना समाधान.

स्वतः साहेबांनाही ती सवय जडली. एकदा वहिनींचा फोन आला, येताना कोथिंबीर आणा. साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, येताना कोथिंबीर आणतो. आणि रिकाम्या हाताने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन मी उचलला. "मामा," त्या म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना म्हणून दाखवायची सवय लागलीये. आणायची कधी लागेल?"

*

दसरा जवळ आला तसं सगळं जमून आलं. पेटी हलकी आली की तिलाच दणका, भारी पेटी सुखरूप. स्वातीताईंना एकच गोष्ट खटकत होती. चिन्मयने कार्डाचा खरा पत्ता ड्रायव्हरमध्ये हाताने लिहून ठेवला होता.

त्यांचं म्हणणं असं, की कॉम्प्युटर सुरू होताना आतल्या सगळ्या कार्डांना पत्ते वाटून देतो. कोण कुठल्या खाचेत बसलंय ते बघून देतो. आपल्या मशीनवर रोज तोच पत्ता मिळतो, कारण आपण कार्ड कधी हलवत नाही. पण रीत अशी, की ड्रायव्हरने आधी विचारावं, कार्ड आज कुठे बसलंय, आणि मग मॅप करावं.

चिन्मय हसला. "कार्ड काय उठून दुसरीकडे बसणार आहे का?"

*

दसऱ्याच्या सकाळी आम्ही चौघं जीपने पॅकहाऊसला गेलो. मला झेंडूच्या माळा धरायला नेलं होतं. कॉम्प्युटर आमचाच, कार्डासकट, मांडीवर घेऊन चिन्मय बसला होता. द्राक्षांचा मोसम नव्हता, म्हणून अण्णांनी पेट्यांत टोमॅटो भरून ठेवले होते, काही मुद्दाम अर्ध्या. अण्णांनी स्वागतालाच सांगितलं, की पुण्याची माणसं दुपारी येनार हायेत, तवा तुमचं काय ते आधी दाखवा. साहेबांच्या कपाळावर तिथेच घाम आला, सावलीत.

पूजा अण्णांच्या आईंच्या हातची. सगळे त्यांना आजी म्हणत. आजींनी पट्टा पाहिला, फळी पाहिली, आणि विचारलं, यातलं खरं काम कोन करतं? साहेबांनी कॉम्प्युटर दाखवला. आजी म्हणाल्या, डबा नका दाखवू, आतला दाखवा. चिन्मयला कुणी आतलं विचारलं की राहवत नाही. त्याने झाकण काढलं आणि कार्ड दाखवलं.

आजींनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या. हात मोठा होता. खाचेत तांदूळ गेले.

चिन्मयने घाईने कार्ड उपसलं, झटकलं, फुंकर मारली. खाचेतले तांदूळ काही निघेनात. तेव्हा त्याने कार्ड शेजारच्या दुसऱ्या खाचेत बसवलं, दोन बोटं बाजूला. आजींनी त्यावर नव्याने कुंकू लावलं, एक फूल ठेवलं आणि बजावलं, "आता हलवायचं नाय. मशीन चाललं की मी नारळ फोडीन, तो फुटल्याबिगर हात लावायचा नाय."

मशीन सुरू केलं. पट्टा चालू लागला. पहिली टोमॅटोची पेटी आली आणि पडद्यावर तिचं वजन आलं, ते भरलेल्या ट्रकचं असावं. अर्धी पेटी आली. फळी ढिम्म. मात्र पडद्यावर वरच्या बाजूला एक हिरवा ठिपका उमटला. आणखी एक पेटी, एक गुलाबी. मग निळा, मग पिवळा, एका ओळीत, मग दुसऱ्या ओळीत. दर पेटीला ठिपका, आणि फळी पूजेला बसल्यासारखी स्वस्थ.

स्वातीताई हळूच म्हणाल्या, "कार्ड उठून दुसरीकडे बसलं."

झालं होतं ते असं. खाच बदलली, तसे कॉम्प्युटरने पत्ते नव्याने वाटले. चिन्मयने हाताने लिहिलेला जुना पत्ता आता पडदा रंगवणाऱ्या कार्डाला मिळाला होता. ड्रायव्हर इमानाने तिथेच हुकूम लिहीत होता, म्हणून फळीचा दर हुकूम पडद्यावर रंगाचा ठिपका होऊन पडत होता. आणि वजन म्हणून तो पडद्याचाच रंग वाचत होता, पहिल्यांदा ट्रकएवढा, मग काळा म्हणजे शून्य, म्हणून पुढची दर पेटी त्याला हलकीच वाटत होती.

आजी मात्र हात जोडून उभ्या. "रांगोळी घातली गं बाई मशीननं," म्हणाल्या.

अण्णांनी हाताची घडी घातली. "साहेब, रांगोळी ऱ्हाऊ द्या. फळी हलना."

चिन्मय कार्ड जुन्या खाचेत परत लावायला पुढे झाला. आजींनी त्याचं मनगट धरलं. साहेबांनी समजावून पाहिलं. पण हिशेब सरळ होता. नारळ फुटेपर्यंत कार्ड हलवायचं नाही. मशीन चालल्याशिवाय नारळ फोडायचा नाही. आणि कार्ड हलवल्याशिवाय मशीन चालायचं नाही. साहेबांनी हे सगळं एकदा परत म्हणून दाखवलं, सवयीने. त्याने काही फरक पडला नाही.

स्वातीताई खुर्ची ओढून बसल्या. कार्ड आज कुठे बसलंय हे ड्रायव्हरने आधी विचारावं, एवढंच त्यांनी त्यात घातलं. आम्ही भोवती उभे. साहेब झेंडूच्या माळेची एक एक पाकळी उपटत होते, माळ माझ्या हातात होती. अण्णा दोनदा दारापर्यंत जाऊन रस्ता बघून आले.

पुन्हा पट्टा चालू झाला. वजन बरोबर. भरलेली पेटी गेली, सुखरूप. अर्धी पेटी आली आणि फळीने तिला असा दणका दिला की चार टोमॅटो अण्णांच्या पायाशी गेले. पुढची हलकी, दणका. पुढची भारी, सुखरूप. पडदा स्वच्छ, काळा, त्यावर नुसते आकडे. साहेबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

अण्णा खाली वाकले, टोमॅटो उचलून पेटीत टाकले, आणि नारळ आजींच्या हातात दिला. फोड आई, म्हणाले.

आजी पडद्याकडे बघत होत्या.

"बंद पडलं का रे?"

अण्णांनी सांगितलं, आई, फळी हलतीये की. आजींनी फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. मगाशी सुरू झालं व्हतं, त्या म्हणाल्या, आता या पोरीनं काहीतरी केलं आन् ते बंद पडलं. त्यांनी नारळ पिशवीत परत ठेवला.

अण्णांनी साहेबांकडे पाहिलं. "आई नाय म्हनली तर मी व्हय म्हननार नाय."

साहेब चिन्मयकडे वळले. "चिन्मय, ती चूक परत आण."

"कुठली, सर?"

"कुठली म्हणजे? आणखी किती आहेत?"

चिन्मय बसला. फळीचा हुकूम कार्डाच्या आजच्या पत्त्यावर तर जाऊ द्यायचाच, शिवाय त्याची एक प्रत त्या जुन्या, चुकीच्या पत्त्यावरही लिहायची. वजन तेवढं खऱ्या जागेवरून वाचायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं लिहिलेलं एका फटक्यात चाललं. स्वातीताईंनी ते वाचून पाहिलं, आणि डोळे मिटले.

पट्टा चालला. अर्धी पेटी आली, दणका बसला, आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. मग गुलाबी. मग निळा. आजींनी पिशवीतून नारळ काढला आणि पट्ट्याच्या लोखंडी पायावर फोडला. पाणी माझ्या चपलांवर आलं.

अण्णांनी पुतण्याला हाक मारली. पुन्याच्या मानसांना फोन लाव, म्हणाले, येऊ नका म्हनावं.

आजींनी खोबऱ्याचा पहिला तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला. "आता सुरू झालं," म्हणाल्या.

"आता सुरू झालं," साहेब म्हणाले.